सफरचंदाखालचा नालबंद

मला राग लवकर येतो, आणि एकदा आला की लवकर जात नाही. नाटकाच्या धंद्यात हे बरं नसतं, पण माझं कामच कुजबुजण्याचं असल्यामुळे आजवर खपून गेलं. तिबिलिसीत नदीकाठी आमचं थिएटर आहे, तिथे मी एकेचाळीस वर्षं प्रॉम्प्टर आहे. आधी रंगमंचाच्या पुढच्या खोबणीत बसायचे, आता गुडघ्यांमुळे विंगेत स्टुलावर बसते. नट अडकला की पुढचा शब्द द्यायचा. एकच शब्द, अख्खं वाक्य नाही. अख्खं वाक्य दिलं तर नटाचा अपमान होतो. नट खरंच विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे ओळखता यायला मला दहा वर्षं लागली.

सांगते ते नातेलाचं. नातेला आमची नाटककार. कादंबऱ्याही लिहिते, बाहेर सहा भाषांत गेल्या आहेत. पण मी तिला ओळखते ती अंधारातल्या हिवाळ्यांपासून. तेव्हा ना वीज, ना गॅस, पहाटे पावासाठी रांग, हातावर शाईनं नंबर. अशा दिवसांत ही पोरगी, तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, आमच्या दारात येऊन म्हणाली, "गुलिकोताई, तुमच्या गोदामात जुनी पोस्टरं आहेत का हो? मागून कोरी असलेली?" कागदच मिळत नव्हता कुठे. मी तिला दोन गठ्ठे दिले. तिची पहिली कादंबरी त्या पोस्टरांच्या पाठीवर, रॉकेलच्या स्टोव्हशेजारी बसून लिहिलेली आहे. काजळी अजून आहे त्यावर. आता तिच्यावर भाषणं ठोकणारे तेव्हा कुठे होते, ते विचारू नका.

तर ह्या नातेलानं तीन वर्षं खपून एक नाटक लिहिलं, ‘तारेअलीकडे’. मुखेती नावाच्या गावाचं. गाव अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मधे शेजारच्या बलाढ्य देशाच्या सैनिकांनी काटेरी तार ओढली आणि पुढे ती दर वर्षी थोडी थोडी सरकवली. एका साली तार कबरस्तानाच्या अलीकडे आली. झालं, मेलेले सगळे पलीकडे गेले! ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे लाल अंडी घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जातो, अंडी घरंगळवतो, वाइन ओततो, चार गोष्टी बोलतो. मुखेतीवाल्यांनी काय करायचं? नातेलाच्या नाटकात बाबुत्सा नावाची म्हातारी दुधाच्या कॅनवर चढून तारेपलीकडच्या मेलेल्यांना एकेकाचं नाव घेऊन हाका मारते. सतरा नावं. तोच शेवटचा प्रवेश, तेवढ्यासाठीच सगळं नाटक.

ही नावं नातेलानं मनानं रचलेली नाहीत. ती तिला वार्दोकाकूंनी दिली. वार्दोकाकू मुखेतीच्या. वय शहाऐंशी, डोळे चांगले, कान त्याहून चांगले. नातेला तीन हिवाळे त्यांच्या स्वयंपाकघरात बसून होती. काकू अक्रोड फोडायच्या आणि कोण कुठे निजलाय ते सांगायच्या. हा विहिरीकडचा, ती भिंतीलगतची. आणि सगळ्यात शेवटी, सफरचंदाच्या झाडाखाली, त्यांचे वडील. एस्ताते नालबंद.

आणि ह्या वार्दोकाकूंचा एकुलता एक मुलगा म्हणजे जुम्बेर. आमच्या थिएटरचा संचालक.

तुम्ही म्हणाल, मग तर सोन्याहून पिवळं. मलाही तसंच वाटलं होतं. पाच महिने तालमी झाल्या. बाबुत्साचं काम आमची दोदो करत होती, आणि काय करत होती! मी विंगेत बसून कितीदा तरी डोळे पुसले. मग मार्चमध्ये जुम्बेरला वरून कुणाचा तरी फोन आला. कुणाचा ते त्यानं सांगितलं नाही, फक्त बोट छताकडे दाखवलं. दुसऱ्या दिवशी तालमीत येऊन म्हणाला, "मंडळी, नाटक लांबतंय. शेवटचा प्रवेश काढू या. दिवस नाजूक आहेत."

तार सरकवणाऱ्यांचे दिवस नाजूक नाहीत, आणि म्हातारीनं मेलेल्या नवऱ्याला हाक मारली की दिवस नाजूक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सगळे मूग गिळून बसले. दोदोसुद्धा. तिची मुलगी आमच्याच तिकीटखिडकीवर बसते.

नातेलानं नाही म्हटलं. तेव्हा जुम्बेरनं दुसरी युक्ती काढली. एप्रिलमध्ये नातेलाला साठ पूर्ण होत होती. त्यानं थिएटरतर्फे मोठा सत्कार ठरवला, रविवारी दुपारी, वरच्या दालनात, ऐंशी पानांची मेजवानी. आणि आदल्या दिवशी तिला खोलीत बोलावून सांगितलं, की एक कागद तयार आहे, ‘लेखिकेच्या संमतीने शेवटचा प्रवेश वगळला आहे’ असा. मेजवानीनंतर सही करून टाक. नाही केलीस तर नाटकच बंद, अकरा दिवसांवर आलेला पहिला प्रयोगही बंद.

रविवारी जिना चढताना नातेलानं मला हे सांगितलं. मी पायरीवरच थांबले.

"आणि तू काय करणार आहेस?"

"सही."

"काय?"

"गुलिकोताई, चौदा माणसं पाच महिने राबलीत. दोदोला हे काम पुन्हा मिळायचं नाही. बाकीचं नाटक तरी लोकांपुढे जाईल."

"बाकीचं नाटक? बाकीच्या नाटकात काय आहे? म्हातारी कॅन घासते, म्हातारी कॅन उचलते, आणि पडदा? अगं, लोक म्हणतील दुधाची जाहिरात आहे!"

ती कशीबशी हसली. "मी दमलेय ताई," ती म्हणाली. नातेला दमलेली मी कधी पाहिली नव्हती. रॉकेलच्या धुरात बोटं गारठलेली असतानाही नाही.

वर गेलो तर काय थाट! अक्रोडाच्या वाटणातली कोंबडी, वांग्याच्या गुंडाळ्या, चीज भरलेल्या गरम खाचापुरीच्या थाळ्या, वाइनचे घडे. नातेलाच्या खुर्चीमागे तिचा फोटो, हार घातलेला. जिवंत बाईच्या फोटोला हार! जुम्बेरनं गुलाब आणले होते, एकसष्ट. साठ नाही आणले, कारण सम आकड्यातली फुलं मेलेल्यांना देतात, जिवंत माणसाला नाही. एवढी रीत मात्र त्याला बरोबर ठाऊक होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वार्दोकाकू बसल्या होत्या, नव्या निळ्या झग्यात. मी जाऊन त्यांच्या पाया पडल्यासारखी वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"झगा कसा आहे गं? नाटकासाठी शिवलाय. आज नुसता घालून बघितला."

"छान आहे काकू."

"पहिल्या रांगेत बसणार आहे मी. माझ्या बापाचं नाव घेणारेत ना शेवटी? जुम्बेर म्हणाला, आई, सगळं आहे त्यात, काळजी करू नको."

मी, प्रॉम्प्टर, आणि मला शब्द सुचेना! म्हणजे हा माणूस आपल्या आजोबाचं नाव खोडतो तो खोडतो, वर आईला थापा मारतो. ती माउली झगा शिवून बसलीय. मी काकूंना काही सांगितलं नाही. त्यांच्या ताटात वांग्याच्या दोन गुंडाळ्या वाढल्या आणि आपल्या जागेवर येऊन बसले. माझं ताट तसंच पुढे सरकवलं.

मेजवानीचा तमादा अर्थातच जुम्बेर. प्रत्येक जाम तमादाच उचलणार, त्यावर बोलणार, मग बाकीचे पिणार. ही आपली पद्धत. पहिला जाम देवाला, दुसरा देशाला, तिसरा नातेलाला. त्या तिसऱ्या जामावर तो वीस मिनिटं बोलला. "नातेला म्हणजे आपल्या भाषेची जीभ!" तो ओरडला. "नातेला गप्प बसली तर आपण मुके होऊ!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातून त्या कागदाची कड दिसत होती. मी मोजून तीनदा पाहिली. नातेला समोरच्या फुलांकडे बघत होती.

"ऐकलंस का," मी दोदोच्या कानात म्हणाले, "जीभ म्हणे. आणि खिशात कात्री."

"गप बस ना गुलिको," दोदो पुटपुटली, "आज तरी."

मग आला मेलेल्यांचा जाम. सगळे उठून उभे राहिले. हा जाम उभ्यानं घ्यायचा. बोलणाऱ्याचं बोलणं संपून ग्लास रिकामा होईपर्यंत कुणी खाली बसत नाही, कुणी मधे तोंड घालत नाही. दारुडासुद्धा ही रीत पाळतो. वार्दोकाकू टेबलाला धरून उठल्या. जुम्बेरनं ग्लास उचलला, चेहरा लांब केला, थिएटरच्या मेलेल्या नटांची दोन-चार नावं घेतली. आणि इथे त्याला मस्करी सुचली. तीन जाम पोटात, टाळ्या डोक्यात. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"मंडळी, ह्या सगळ्या थोर नटांना शब्द कुणी दिले? आमच्या गुलिकोनं! एकेचाळीस वर्षं हिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. आज ऐकू या! अलावेर्दी, गुलिकोकडे!"

म्हणजे जाम माझ्याकडे दिला. लोक हसले. त्याला वाटलं, ही लाजेल, ‘देव त्यांना शांती देवो’ म्हणेल, की पिऊन मोकळे. पण अलावेर्दी दिली की दिली. आता मी बोलेन ते संपेपर्यंत तमादासुद्धा मला थांबवू शकत नाही. असा रंगमंच मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो मला दिला कुणी, तर त्यानंच.

मी ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"मी माझं काही बोलणार नाही," मी म्हणाले. "मला दुसऱ्यांचे शब्द द्यायची सवय आहे. तेच देते."

आणि मी बाबुत्साचा शेवटचा प्रवेश सुरू केला.

"मिखा, आलेय रे मी. इथूनच बोलते, पुढे येऊ देत नाहीत. अंडं आणलंय, लाल झालंय छान, कांद्याच्या सालीत उकडलंय. सोनिया, तुझ्यावर गवत माजलं असेल गं. मला दिसत नाही. दुर्बिणीतून बघितलं तर चौकीचा पत्राच दिसतो. इलिको, विहिरीकडच्या इलिको, तुझी शिडी अजून माझ्याकडेच आहे. आणून देणार होते, तेवढ्यात तार आली..."

जुम्बेरचा चेहरा आधी लाल, मग पांढरा. त्यानं तोंड उघडलं, शेजारच्या म्हाताऱ्या नेपथ्यकारानं त्याचा कोपर दाबला, "मेलेल्यांचा जाम आहे." तोंड मिटलं. मी नावामागून नाव घेत गेले. नट नाही मी, आवाज चढवता येत नाही मला. सरळ, सपाट म्हणत गेले. शेजारी दोदोचे ओठ हलायला लागले होते, माझ्याबरोबर, आवाज न करता. मग पलीकडच्या दोघांचे. नातेलानं मान वर केली होती आणि ती माझ्याकडे नाही, वार्दोकाकूंकडे बघत होती. काकू प्रत्येक नावाला मान हलवत होत्या, बरोबर, बरोबर, तो भिंतीलगतचा, हो.

सोळा नावं झाली. सतरावं राहिलं. आणि मी थांबले.

"सतरावं नाव मी घेणार नाही," मी म्हणाले. "ते तमादानं घ्यावं. जाम परत त्याच्याकडे."

ऐंशी माणसं ग्लास धरून उभी. मी त्याच्या बाजूला झुकले, आणि एकेचाळीस वर्षं जशी देत आले तसा शब्द दिला, हळू, ओठांच्या कडेनं, "सफरचंदाखालचा..."

तो ग्लासात बघत होता.

"सफरचंदाखालचा..." मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

जुम्बेरच्या कपाळावर घाम आला होता. मला, खरं सांगते, क्षणभर त्याची कीव आली. नट अडकला की मला नेहमीच कीव येते, कितीही नालायक असो. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"सांगू नकोस त्याला, गुलिको," टेबलाच्या टोकाकडून वार्दोकाकू म्हणाल्या. "विसरलेला नाहीये तो."

एवढंच बोलल्या. ओरडल्या नाहीत. पण आता त्यांना सगळं कळलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुणाचं नाव खोडलंय, कुणी खोडलंय, आणि ‘सगळं आहे त्यात आई’ म्हणजे काय. जुम्बेरनं ग्लास खाली ठेवला, भरलेला, आणि तो खुर्चीत बसला. मेलेल्यांच्या जामाला, न पिता, सगळ्यांच्या आधी बसला. आपल्या लोकांत असं करणारा माणूस मी पाहिलेला नव्हता.

"एस्ताते," वार्दोकाकू म्हणाल्या. "सफरचंदाखालचा नालबंद. माझा बाप. ह्या पोराला खांद्यावर घेऊन मुखेतीच्या जत्रेत फिरायचा." त्यांनी पावाच्या तुकड्यावर मेलेल्यांच्या वाट्याचे वाइनचे थेंब सांडले, उरलेली प्यायल्या. मग जुम्बेर सोडून सगळे प्याले. मीही प्याले. मघाचपासून काही खाल्लं नव्हतं, ती थेट डोक्यात गेली.

सगळे बसल्यावर नातेला उठली. जुम्बेरसमोर जाऊन तिनं हात पुढे केला.

"तो कागद द्या."

आणि त्या माणसाचे डोळे चमकले हो! त्याला अजूनही वाटलं, ही सही करतेय. त्यानं घाईघाईनं कागद काढला, वर स्वतःचं पेनही दिलं. नातेलानं कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर, उभ्याउभ्याच, थाळ्यांच्या मधे जागा करून, तिनं लिहायला सुरुवात केली. मिखा. सोनिया. इलिको. पोस्टरांच्या पाठीवर लिहायची सवय जुनी आहे तिची. सतरा ओळी झाल्यावर तिनं तो कागद त्याच्या भरलेल्या ग्लासाखाली सरकवला.

"पाठ करा," ती म्हणाली. "संमती मी एवढ्यालाच देते. एक नाव कमी झालं तर नाटक माझं नाही, आणि मी ते रस्त्यावर उभी राहून सांगेन."

"नातेला, चौदा माणसांचा विचार कर..." तो म्हणाला.

"चौदातली एक मी आहे," दोदो म्हणाली. "माझ्यासाठी काही करू नका साहेब. मी कॅन घासून घासून कंटाळले."

जाताना जुम्बेरनं आईचा कोट धरला. "चल आई, गाडी खाली आहे."

"तू हो पुढे," काकू म्हणाल्या. "मी गुलिकोबरोबर जाईन." त्यांनी माझ्या हातून कोट घालून घेतला. जिन्यात मात्र त्यांना रडू आलं, आणि नातेलानं त्यांना धरून पायरीवर बसवलं. आम्ही तिघी बराच वेळ तिथेच बसून होतो. लोक बाजूनं उतरत होते, नातेलाच्या हाताला हात लावून जात होते. एकसष्ट गुलाब वरच राहिले.

तुम्हाला वाटेल, मग नाटक लागलं असेल. नाही लागलं. सोमवारी सकाळी थिएटरच्या दारावर चिठ्ठी होती. ती मी स्वतः वाचली, चष्मा पुसून दोनदा वाचली. वरून फोन आला असं लिहिलेलं नव्हतं, लेखिकेनं सही दिली नाही असंही नव्हतं. लिहिलं होतं: ‘प्रॉम्प्टर आजारी असल्यामुळे “तारेअलीकडे” ह्या नाटकाचे प्रयोग अनिश्चित काळासाठी रद्द.’

त्याला चार महिने झाले. मी रोज दहा वाजता थिएटरच्या दारात जाऊन उभी राहते, त्या चिठ्ठीच्या शेजारी. येणारेजाणारे विचारतात, काय हो, कशी आहे तब्येत? मी म्हणते, ठणठणीत. सतराच्या सतरा पाठ आहेत. आणि मग, कुणी थांबलं तर, मिखापासून सुरुवात करते.